समोरच्या काचेचं रबर

४ सप्टेंबर १९६१

फौजेत असताना रोज लॉगबुक भरावं लागे. गाडी किती मैल चालली, कुठे थांबली, काय बिघडलं. लढाई संपून पंधरा वर्षं झाली, तरी ती खोड गेली नाही. आज मात्र लिहिताना हात जड झाला आहे.

ढाणकीहून पुसदला परत येत होतो. दिवेलागणीला अजून वेळ होता. पुढच्या सीटवर माझ्या टॅक्सीचं नेहमीचं गिऱ्हाईक बाबाराव वकील, मागे माझी बायको मानीबाई आणि तिचं बाजाराचं गाठोडं. वळणावर रस्त्यात गवताचा भारा दिसला. कोणाच्या बैलगाडीतून पडला असेल, बाजूने काढू, असं मनात म्हणतो तोच मानीबाई मागून ओरडली, "बाई हाय, बाई!" ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. भाऱ्याखाली डोकं होतं, डोक्याखाली बाई होती. ती भाऱ्यासकट रस्त्याकडेच्या नालीत बसली.

नशीब थोर, कोपर खरचटण्यापलीकडे तिला काही झालं नाही. रुखमाबाई नाव तिचं. तिने आधी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग म्हणाली, "डोये हायेत का बटनं? येवढं जितं मानूस दिसत नाई काय तुले?"

दोष काचेचा आहे. माझी शेवरलेट १९३९ सालची, कामठीच्या फौजी लिलावात घेतलेली. समोरची काच दोन तुकड्यांत आहे आणि मध्ये उभी पट्टी. ही काच दोन थरांची असते, मधला पापुद्रा वयाने पिवळा पडतो, कडा दुधाळ होतात. हे कोणीही मेकॅनिक सांगेल. वकील मात्र खाली उतरले, आपल्या रुमालाने काच पुसली आणि म्हणाले, "धनसिंग, कडेनं पिवळी आहे. मधात तर साफ दिसते." वकिलाला उलट बोलल्याशिवाय अन्न पचत नाही.

हल्ली त्यांनी मागची ऐसपैस सीट सोडून पुढे बसायचं खूळ घेतलं आहे. सगळा रस्ता सांगत असतात, समोर म्हैस आहे, डावीकडे पूल आहे. मी हा रस्ता चौदा वर्षं चालवतो आहे.

७ सप्टेंबर

गाडी डोमाजीकडे नेली. डोमाजी फौजेतला माझा जोडीदार. मी गाडी चालवायचो, तो दुरुस्त करायचा. पुसदला त्याचं छोटं गॅरेज आहे. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, गॅरेजात बुद्धाची तसबीर लावली आणि दारू सोडली. तेव्हापासून आमची सोबत चहापुरती उरली.

एक नट उघडायचा तर हा माणूस दोन दिवस विचार करतो. आज मी 'काच बदलायची' म्हणायचा अवकाश, सुरी घेतली आणि काचेभोवतीचं जुनं रबर सरळ कापायला लागला. अर्ध्या तासात दोन्ही काचा बाहेर.

"अरे, रबर काहून कापलं?"

"कापल्याबिगर काच निंघत नाई. वाळून लाकूड झालतं थे."

त्याचं म्हणणं खरं आहे. या रबराला दोन खाचा असतात, एका खाचेत काच बसते, दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. तेच सगळं धरून ठेवतं. नवी काच कापून मिळते, रबर तसंच्या तसं लागतं. मधली पट्टीही उचकटताना वाकली.

"भेटन," डोमाजी म्हणाला. "आठ-पंधरा दिवसांत नागपूरहून रबर येईन." गाडी घरी सोडून जाता जाता त्याने तिची बॅटरीही काढून घेतली, चार्ज करायला म्हणून. मी काही ते सांगितलं नव्हतं.

१० सप्टेंबर, पोळा

आमच्या बंजारा तांड्यावरून सगळ्यांचे बैल सजून आले. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. आमच्या दारात गाडी उभी, डोळे काढल्यासारखी. धंदा बंद. आणि मानीबाई स्वयंपाक करताना गाणं गुणगुणत होती. तीन महिन्यांत तिच्या तोंडून गाणं ऐकलं नव्हतं. बायकांचं काही कळत नाही.

आखाडापासून ती रोज गाडीत येऊन बसायची. ढाणकीला मिरची चांगली मिळते म्हणे, उमरखेडला मीठ चांगलं मिळतं म्हणे. मिठात चांगलं-वाईट काय असतं ते तिलाच ठाऊक. आता गाडी बंद, तर तिची मिरचीही बंद आणि मीठही बंद, आणि वर ही खूश.

२० सप्टेंबर

डोमाजी म्हणतो, नागपूरला रबर नाही. मी अमरावतीला आणि मुंबईला कार्डं टाकली. अमरावतीचं उत्तर आलं. हल्ली लोक शाईत पाणी घालतात की काय, कार्ड उन्हात नेऊन पाहिलं तरी अक्षर लागेना. शेवटी शेजारच्या इंदूबाई मास्तरणीकडून वाचून घेतलं. बाहेरून माल येणं बंद झालं आहे, एवढ्या जुन्या मॉडेलचं रबर आता मिळणं कठीण, असं होतं.

नव्या काचा मात्र कापून आल्या. डोमाजीच्या भिंतीला टेकून ठेवल्या आहेत. नवरी तयार आणि मुंडावळ्या नाहीत.

३ ऑक्टोबर

दुसऱ्यावर विसंबला त्याचा कार्यभाग बुडाला. मी स्वतःच डोकं चालवलं. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, एक काच घरी आणली आणि डांबर लावून चौकटीत बसवली. सकाळी दहापर्यंत फर्स्टक्लास. बाराच्या उन्हात डांबर पाघळलं आणि काच हळूहळू बॉनेटवर घसरायला लागली. मला ते दिसलंच नाही, मी बाजूलाच उभा होतो. मानीबाई पळत आली आणि ओढणीत काच झेलली.

मला वाटलं आता बोलेल.  ओढणीचं डांबर पाहिलं, काच उचलली आणि तडक डोमाजीकडे ठेवून आली.

या दोघांचं काहीतरी चालतं. मी गॅरेजात गेलो की बोलणं थांबतं आणि डोमाजी म्हणतो, "औंदा पानी बरं झालं." तिसऱ्यांदा झालं हे. डोमाजीवर मी जीव ओवाळून टाकीन, पण माणसाचं मन आहे, नको तिकडे जातं. लिहून ठेवतो म्हणजे मनातून निघेल.

१९ ऑक्टोबर, दसरा

दरवर्षी गाडी धुऊन, हार घालून पूजा करतो. यंदा रिकाम्या चौकटीला झेंडूचा हार घातला. कुंकू लावताना मानीबाईने माझा हात धरून योग्य जागी नेला. उगाच. मला दिसत नव्हतं असं नाही, धूर फार होता.

संध्याकाळी बाबाराव वकील आपट्याची पानं घेऊन आले. बोलता बोलता म्हणाले, "डिसेंबरात यवतमाळला डोळ्यांचे मोठे डॉक्टर येऊन राह्यले. मोतीबिंदू फुकट काढून देतात. तुमच्या माहितीत कोणी असेल तर नाव द्या."

मी म्हणालो, आमच्या तांड्यावरच्या खेमसिंग नाईकाचं द्या, त्याला सत्तरी उलटली. वकील माझ्याकडे बराच वेळ पाहत बसले. मग 'बरं' म्हणाले. त्यांना वाटलं असेल नाईक ऐकणार नाही. मी समजावीन त्याला.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. तांड्यावरच्या पोरी दिवे घेऊन घरोघर फिरल्या. या वर्षी तेलात भेसळ आहे, प्रत्येक दिव्याभोवती भलंमोठं कडं दिसत होतं.

दोन महिने झाले. गाडी दारात, मी दारात. आता मी स्वतःच नागपूरला जातो. मानीबाईला सांगितलं तर तिच्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली. म्हणते, "एवढ्या दूर कायले जाता? डोमाजीभाऊ आणून राह्यले नं." घरात आम्ही आमच्या गोरबोलीत बोलतो, इथे मराठीत लिहितो आहे. पण गोरबोलीत असो की मराठीत, तिचा आवाज कापत होता हे खरं.

२० नोव्हेंबर

नागपूरच्या दुकानात म्हातारे शेटजी बसले होते. मी जुन्या रबराचा तुकडा पुढे ठेवला. त्यांनी तो बोटांत फिरवला आणि हसले.

"इसका एक ही सेट बचा था. पुसद का एक मेकॅनिक ले गया. डोमाजी नाम का. बीच की पट्टी भी ले गया."

"कब?"

वही पाहून म्हणाले, "सितंबर की बारह तारीख."

दुकानाच्या पायरीवर बसलो. बारा सप्टेंबर. वीस तारखेला मला सांगतो, नागपूरला रबर नाही. मी कार्डं टाकत होतो, डांबर उकळत होतो आणि याने रबर घेऊन ठेवलं होतं.

२१ नोव्हेंबर

बसमधून उतरलो तो सरळ गॅरेजात. वाटेत ठरवलं होतं काय काय बोलायचं. डोमाजीने काहीच नाकारलं नाही, त्यामुळे माझी अर्धी शस्त्रं तशीच राहिली.

"हो, आणलं होतं."

"कुठी हाय?"

"वहिनीजवळ."

घरी आलो. मानीबाईने माझं तोंड पाहिलं आणि न विचारता कोपऱ्यातली पेटी उघडली. त्या पेटीत तिची लग्नातली फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी आहे, आरशांनी मढवलेली. त्या पेटीला मी पस्तीस वर्षांत हात लावलेला नाही, आमच्या घरचा तसा रिवाज आहे. कपड्यांच्या खालून तिने रबराचं वेटोळं काढलं. नवंकोरं, पावडर लावलेलं. बाजूला फडक्यात मधली पट्टी.

"काहून?" मी विचारलं.

ती म्हणाली, "डोमाजीभाऊले विचारा." आणि चुलीपुढे जाऊन बसली. मी उद्या काच बसवणार आणि परवा रस्त्यावर असणार. मग या दोघांशी काय बोलायचं ते पाहतो.

२३ नोव्हेंबर

काल जे झालं ते काल लिहवलं नाही. आज लिहितो.

गाडी ढकलत गॅरेजात नेली, डोमाजी तयारच बसला होता. आम्ही दोघांनी डावीकडची काच बसवली. काचेला रबर चढवलं, रबराच्या बाहेरच्या खाचेत सगळीकडून सुतळी घातली, साबणाचं पाणी लावलं. डोमाजी बाहेरून दाबत होता, मी आत बसून सुतळी ओढत होतो. सुतळी सुटत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. घाई केली की काच तडकते. हे काम बोटांचं आहे, डोळे मिटूनही जमतं. राग मनात होता. तरी काम झोकात झालं.

"जा, जेवून ये," डोमाजी म्हणाला. "तुयाकडची काच मी उकंड्याले घेऊन बसवतो." उकंडा म्हणजे शेजारचा सायकलवाला.

जेवून आलो. मागोमाग मानीबाईही आली. डोमाजी म्हणाला, "बस. पाह्य."

मी स्टिअरिंगमागे बसलो. गॅरेजचं दार उघडं होतं, समोर रस्ता. पाहिलं. तेच धुकं. समोरचा कडुनिंब पिंजलेल्या कापसासारखा. एक बस गेली, तिच्या पत्र्यावरचं ऊन पसरून सगळा रस्ता पांढरा झाला.

"डोमाजी, हीबी काच खराब हाय. फसवलं तुले त्यानं."

"नीट पाह्य."

"पाह्यलं नं. पुरी धुकट हाय. कडेपासून मधापर्यंत."

 मग काचेतून एक हात आत आला आणि त्याने माझं नाक धरलं.

मला आधी वाटलं काच फुटली. मग मी हात पुढे केला. हात गेला, सरळ बाहेर गेला, कोपरापर्यंत. तिथे काच नव्हतीच. माझ्या बाजूची नवी काच भिंतीला टेकून तशीच उभी होती, वरचा कागदही काढलेला नव्हता.

किती वेळ मी तो हात आत-बाहेर करत बसलो कुणास ठाऊक. राग यायला हवा होता. आला नाही. उलट छातीवर ठेवलेलं जातं कोणीतरी उचललं असं वाटलं. आपोआप तोंडातून निघालं, "होळीपासून." होळीच्या दिवशी मला दोन चंद्र दिसले होते. तेव्हापासून मला ठाऊक होतं. कोणाला सांगितलं नाही, या वहीलाही सांगितलं नाही. रस्ता पाठ होता म्हणून चालवत होतो. पूल कुठे, वळण कुठे, सगळं पाठ. पण माणसं पाठ करता येत नाहीत. त्या रुखमाबाईनंतर डोळा लागला की चाकाखाली भारा दिसायचा, आणि भाऱ्याखाली रोज वेगळं तोंड.

डोमाजी बॉनेटवर बसला. "मले आखाडातच समजलं. तू साखर चहात टाकाच्या ऐवजी बशीत टाकून राह्यलता."

"मंग तोंडानं सांगता नाई आलं?"

"सांगितलं असतं तं तू आयकलं असतं काय? फौजेत तुले कोणी गाडी मांगं घे म्हटलं, का तू पुढं नेत होता. म्हनून काच काढून ठेवली. तो डॉक्टर डिसेंबरात येऊन राह्यला, तवरोक गाडी उभी ठेवाची, येवढंच आमचं ठरलं होतं. तू नागपूर गाठशीन हे ध्यानात नाई आलं."

मानीबाई दारात ओढणी तोंडाशी धरून उभी होती. मला एकदम तिचं मीठ-मिरची आठवलं.

"आन् तू गाडीत काहून बसत होती? तुले ब्रेक कोनता थे तरी ठाऊक हाय काय?"

"नाई. मले ओरडता तं येते." ओढणी खाली करून म्हणाली, "आन् ओरडूनबी नाई भागलं, तं जे व्हाचं थे दोघाईचं व्हावं."

मी खाली मान घातली. या बाईबद्दल आणि या माणसाबद्दल मी तीन ऑक्टोबरला काय लिहिलं आहे ते मलाच ठाऊक. ते खोडत नाही. लाज तशीच राहू दे.

आज ऊन वर येईपर्यंत झोपलो. किती महिन्यांनी झोपलो. उठलो तेव्हा भूक लागली होती, तीन भाकरी खाल्ल्या. मला दिसत नाही. मला दिसत नाही. दोनदा लिहिलं, आणि काही वाईट वाटलं नाही.

दुपारी वकिलांकडे जाऊन नाव दिलं. त्यांनी कागद काढून वाचून दाखवला. माझं नाव त्यावर दसऱ्यापासून होतं.

२ फेब्रुवारी १९६२

डिसेंबरात उजवा डोळा झाला. आठ दिवस पाठीवर पडून होतो, डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या थैल्या. मानीबाई चमच्याने पेज भरवायची. डोमाजी आला की उशाशी बसून गाडीची तब्येत सांगायचा, जसं काही तीही दवाखान्यात होती.

काल चष्मा मिळाला. काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. सगळं मोठं आणि जवळ दिसतं, पहिल्याच पायरीवर पाय चुकला. पण कडा! प्रत्येक वस्तूला कड आहे. कडुनिंबाला पानं आहेत, एकेक, मोजता येतील अशी.

मानीबाईचे केस पांढरे झाले आहेत. कधी झाले, विचारलं. म्हणाली, "चार वर्सं झाले." मी म्हणालो, शोभतात. तिने मला खुळ्यात काढलं.

९ मार्च

डॉक्टरांनी दिवसाउजेडी चालवायची परवानगी दिली. अंधार पडला की नाही. मला कबूल. आज यवतमाळला लायसन्सच्या साहेबांसमोर परीक्षा झाली. मैदानाच्या पलीकडे एक ट्रक उभा होता, त्याचा नंबर वाचायला सांगितला. नंबर वाचला, खालचं हॉर्न प्लीज वाचलं, आणि दाराजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं पेंटरचं नावही वाचलं. साहेब म्हणाले, पुरे.

परत आल्यावर डोमाजीने आणि मी माझ्या बाजूची काच बसवली. या वेळी मी बाहेरून दाबलं आणि त्याने सुतळी ओढली. मधल्या पट्टीचा शेवटचा स्क्रू पिळला आणि तो म्हणाला, "आता खराब दिसलं तं नाक नाई, कान धरीन."

१२ मार्च

सकाळी आठला गाडी काढली. सहा महिन्यांनी. बाबाराव वकिलांना ढाणकीला जायचं होतं. ते आले, मी पुढचं दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि मागे जाऊन बसले, पाय लांब करून.

मग मी दुसरं दार उघडून मानीबाईला हाक मारली. ती विळा घेऊन बाहेर आली.

"मी नाई येत. हरभरा सोंगाचा हाय."

"एक दिवस थांबन नं हरभरा. मिरची नाई आनाची काय?"

"घरी मायंदाळ हाय मिरची," ती म्हणाली. "तुमी जा. वेळ नका करू."

ती वावराच्या वाटेला लागली. मी दार धरून तसाच उभा राहिलो. मागे वकील घोरायला लागले होते. ती बोरीच्या झाडापर्यंत गेली, बांध चढली, पलीकडे उतरली. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी दार लावलं आणि गाडी सुरू केली.